बसवाहकाचा जिना आणि चालकाच्या पँटचे माप #थ्रेड

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये हृदयविकाराचे मृत्यू वाढत होते आणि त्यांचे कारण कोणालाही नीट सांगता येत नव्हते. डॉ. जेरी मॉरिस यांनी ते माणसांच्या नोकरीत शोधायचे ठरवले. अभ्यासासाठी त्यांनी निवडले लंडनच्या सार्वजनिक वाहतूक सेवेतील कर्मचारी.

निवड मोठी चाणाक्ष होती. दुमजली बसचा चालक आणि वाहक एकाच गाडीवर, एकाच संस्थेत, साधारण एकाच सामाजिक स्तरातले. मात्र चालक जवळजवळ सारी पाळी बसून काढी, तर वाहक तिकिटे देत दिवसाला ५०० ते ७५० पायऱ्या चढे. (मुंबईत 'बेस्ट'च्या दुमजली बसचा तो अरुंद जिना ज्यांनी चढला आहे, त्यांना हे श्रम वेगळे सांगायला नकोत.)

सुमारे ३१,००० पुरुषांच्या नोंदींवर आधारलेला निष्कर्ष १९५३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. वाहकांना हृदयविकार कमी होत होता. झालाच तर उशिरा आणि सौम्य.

आक्षेप लगेच आला, आणि तो रास्त होता. मुळात स्थूल माणसेच चालकाची नोकरी पत्करत असतील तर? मॉरिस यांनी उत्तर शोधले ते गणवेशाच्या नोंदवहीत. संस्था गणवेश पुरवत असल्याने प्रत्येकाच्या कमरेचे माप कागदावर होतेच. १९५६ च्या त्या निबंधाच्या शीर्षकात चक्क 'गणवेशांचे साथरोगशास्त्र' असे शब्द होते! चालकांच्या पँटी खरोखरच कमरेला मोठ्या निघाल्या, आणि तरुण वयातही. म्हणजे आक्षेपात तथ्य होते, आणि मॉरिस यांनी ते लपवले नाही.

पुढचे विश्लेषण अधिक महत्त्वाचे. कमरेचा घेर सारखा असलेल्यांची तुलना केली तरी वाहकांचा धोका कमीच राहिला. सडपातळ वाहकाप्रमाणेच स्थूल वाहकालाही जिन्याचा लाभ मिळत होता. देहाच्या आकारमानापेक्षा दिवसभराची हालचाल अधिक बोलकी ठरली. (मॉरिस स्वतः ९९ वर्षे जगले.)

कर्मचाऱ्यांच्या वजनाची काळजी घेणाऱ्या नंतरच्या योजनांनी मात्र बहुधा मापनपट्टीच उचलली. जपानमध्ये २००८ पासून ४० ते ७४ वयाच्या लोकांची कंबर आरोग्य तपासणीत मोजली जाते; मर्यादा पुरुषांसाठी ८५ सेंमी, स्त्रियांसाठी ९० सेंमी. मर्यादा ओलांडणाऱ्याला दंड नाही. इतर तपासण्यांतही धोका दिसला तर आहार-व्यायामाचे मार्गदर्शन मिळते. उद्दिष्टे हुकल्यास आर्थिक भार पडतो तो विमा संस्थांवर. कामाची रचना बदलण्याची सक्ती मात्र या व्यवस्थेत नाही.

खुद्द लंडनमध्ये ती रचना बदलली, पण उलट्या दिशेने. खर्च वाचवण्यासाठी एकामागून एक मार्ग वाहकाविना चालू लागले. डिसेंबर २००५ मध्ये, वारसा म्हणून राखलेले दोन मार्ग वगळता, जुन्या 'रूटमास्टर' बसगाड्या निवृत्त झाल्या. त्यांच्यासोबत तिकिटे देत जिना चढणारा वाहकही गेला.