काळं ऑर्किड खरंच असतं का?

वसई-विरारच्या वाड्यांमधला मोगरा आणि सोनचाफा दादरच्या फूलबाजारात जातो. तिथे दुकानांत रंगीत ऑर्किडही दिसतात, पण काळं ऑर्किड दिसत नाही. ऑनलाइन मात्र त्याच्या बियांची पाकिटं सहज विकत मिळतात. ती मागवण्याआधी हे फूल म्हणजे नेमकं काय, हे समजून घेतलेलं बरं.

काळा की गडद लाल?

फुलांच्या पाकळ्यांत काळ्या रंगाचं रंगद्रव्य नसतं. लाल, जांभळा, निळा हे रंग अँथोसायनिन या रंगद्रव्यांमुळे येतात. पेशींत ती खूप दाटली आणि खाली हिरव्या रंगाचा थर असला, की पाकळी जवळजवळ सगळा प्रकाश शोषून घेते. मग डोळ्यांना ती काळी वाटते. फुलाच्या मागून मोबाइलचा टॉर्च धरला, की तीच पाकळी गडद लाल दिसते.

नावात काळं, फुलात हिरवं

बोर्निओतलं ‘सिलोजिनी पँड्युराटा’ काळं ऑर्किड म्हणून ओळखलं जातं. पण ते फूल हिरवं असून फक्त त्याच्या ओठासारख्या पाकळीवर काळसर खुणा असतात. बेलीझ या देशाचं राष्ट्रीय फूलही ‘काळं ऑर्किड’च आहे. त्याचीही एकच पाकळी गडद असते.

सगळ्यात जवळ कोण पोहोचलं?

कॅलिफोर्नियाचे फ्रेड क्लार्क. त्यांनी कॅटासेटम, मॉर्मोडेस आणि क्लोवेसिया या तीन प्रजातींच्या संकरातून ‘आफ्टर डार्क’ हे ऑर्किड तयार केलं. या संकरित गटाला त्यांच्याच नावावरून ‘फ्रेडक्लार्कियारा’ म्हणतात. एकाच शेंगेतली सगळी रोपं सारख्या रंगाची निघत नाहीत. त्यातली सर्वांत गडद रोपं निवडावी लागतात. ‘ब्लॅक पर्ल’ हे त्यातलंच एक गाजलेलं रोप.

बियांचं पाकीट का चालत नाही?

ऑर्किडचं बी धुळीसारखं बारीक असतं आणि त्यात रोपासाठी अन्नसाठा नसतो. जंगलात ते विशिष्ट बुरशीच्या मदतीनं रुजतं. बुरशीशिवाय, साखर आणि क्षार घातलेल्या माध्यमावर ते रुजवण्याची पद्धत लुईस नडसन यांनी 1922मध्ये मांडली. त्यासाठी निर्जंतुक बाटली लागते. फूल यायला पुढे काही वर्षं जातात. त्यामुळे कुंडीतल्या मातीत बी टाकून काळं ऑर्किड उगवत नाही. फोटोतलं कोळशासारखं फूल बहुधा एडिट केलेलं किंवा रंगवलेलं असतं.

वसईत जगेल का?

जगू शकतं. या गटातली रोपं उबदार, दमट हवेत वाढतात आणि हिवाळ्याच्या सुमारास पानं गाळून विश्रांती घेतात. तेव्हा पाणी जवळपास बंद करायचं. नवा कोंब दिसला तरी घाई नको. मुळं चार-पाच इंच वाढल्यावरच पाणी सुरू करायचं. त्याआधी जूनचा मुसळधार पाऊस अंगावर पडला, तर कोवळा कोंब कुजतो. म्हणून रोप छपराखाली, मोकळ्या हवेत ठेवावं.

हौस असेल तर पैसे बियांवर नव्हे, रोपावर खर्च करावेत. विक्रेत्याकडून रोपाचं पूर्ण नाव लिहून घ्यावं आणि शक्य असल्यास ते फुललेलं असतानाच बघून घ्यावं.