ज्यूलच्या थडग्यावरचा आकडा

'कार्याचं एकक ज्यूल' हे शाळेत मीही घोकलं होतं. हा ज्यूल मँचेस्टरजवळच्या एका बिअर कारखानदाराचा मुलगा, हे फार उशिरा कळलं. वजनं खाली सोडायची, त्यांच्या ओढीनं पाण्यातली पाती फिरवायची आणि पाणी किती तापलं ते मोजायचं, हा त्याचा प्रयोग. वजनं पुन्हा पुन्हा वर चढवून सोडली तरी पाणी एक अंशही तापत नसे! कोण विश्वास ठेवणार? १८४७ साली ऑक्सफर्डच्या सभेत अध्यक्षांनी त्याला थोडक्यात आटपायला सांगितलं. कान देऊन ऐकलं ते तरुण विल्यम थॉमसननं, म्हणजे पुढच्या लॉर्ड केल्विननं. एक पौंड पाणी एक अंश फॅरनहाइट तापवायचं, तर एक पौंड वजन सुमारे ७७२ फूट खाली यायला हवं, हा ज्यूलचा हिशेब. सेल गावी त्याच्या थडग्यावर तो आकडा कोरला आहे, तोही दशांशचिन्हासकट : ७७२.५५.