प्रीएक्लॅम्पसियाचा धोका बाराव्या आठवड्यात ओळखता येतो का?

बऱ्याच अंशी येतो. आणि तो तेव्हाच ओळखायला हवा, कारण धोका कमी करणारी गोळी सोळाव्या आठवड्याच्या आत सुरू झाली तरच तिचा नीट उपयोग होतो.

गरोदरपणाच्या २० आठवड्यांनंतर रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून जास्त होतो आणि लघवीतून प्रथिने जाऊ लागतात किंवा यकृत, मूत्रपिंड, प्लेटलेट यांवर परिणाम दिसतो, तेव्हा त्याला प्रीएक्लॅम्पसिया म्हणतात. तो वाढला तर आईला झटके येऊ शकतात, बाळाची वाढ खुंटते, कधी दिवस भरण्याआधीच प्रसूती करावी लागते. त्रास उशिरा दिसत असला तरी मूळ सुरुवातीच्या महिन्यांत असते. वार रुजताना गर्भाशयाच्या रक्तवाहिन्या रुंद व्हायला हव्यात. त्या अरुंद राहिल्या की वारेला रक्त कमी पडते.

पहिल्या भेटीत काय सांगाल?

आधीच्या बाळंतपणात बीपी वाढले होते का, आधीपासून रक्तदाब, मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार किंवा ल्युपस आहे का, जुळे आहे का? यांपैकी एकही 'हो' असेल तर धोका जास्त. पहिलेच गरोदरपण, ३५ च्या पुढचे वय, लठ्ठपणा, आयव्हीएफ, आई किंवा बहिणीला झालेला हाच त्रास, यांपैकी दोन-तीन गोष्टी एकत्र असतील तरी डॉक्टरांना सांगा. आईला विचारल्याशिवाय शेवटची गोष्ट बहुतेकींना माहीतच नसते!

तपासणी कशी होते?

११ ते १४ आठवड्यांच्या दरम्यान एनटी स्कॅन होतो. त्याच वेळी डॉपलरने गर्भाशयाच्या धमन्यांतला रक्तप्रवाह पाहता येतो आणि डबल मार्करसाठी घेतलेल्या रक्तातच पीएलजीएफ हे वारेतून येणारे प्रथिन मोजता येते. यात दोन्ही दंडांवर मोजलेला रक्तदाब आणि तुमची माहिती मिळवून धोका काढतात. वेळेआधी प्रसूती करावी लागणाऱ्या प्रीएक्लॅम्पसियाच्या दर चारपैकी सुमारे तीन केसेस यात आधी कळतात. पीएलजीएफची सोय सगळीकडे नसते, पण वरचे प्रश्न आणि नीट मोजलेले बीपी यांना पैसे लागत नाहीत. बीपी मोजण्याआधी पाच मिनिटे शांत बसा, आणि फाइलवर 'नॉर्मल' असा शेरा नको, आकडा लिहून घ्या.

रिपोर्टमध्ये 'हाय रिस्क' आले म्हणजे आजार झाला असे नाही. अशा बहुतेक स्त्रियांना पुढे प्रीएक्लॅम्पसिया होत नाही.

ॲस्पिरिनची भीती

'रक्त पातळ करणारी गोळी पोटात बाळ असताना कशाला?' हा प्रश्न घरातली मोठी माणसे हमखास विचारतात. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या ॲस्प्री या अभ्यासात जास्त धोका असलेल्या स्त्रियांना रोज रात्री १५० मिलिग्रॅम ॲस्पिरिन ३६ आठवड्यांपर्यंत दिले. ३७ आठवड्यांआधी होणाऱ्या प्रीएक्लॅम्पसियाचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आले. दिवस भरल्यावर होणाऱ्या प्रकारात मात्र तसा फरक दिसला नाही. अल्सर, रक्तस्रावाचा त्रास किंवा ॲस्पिरिनची ॲलर्जी असेल तर आधी सांगा. डोस डॉक्टरच ठरवतील. मनाने सुरू करू नका आणि शेजारणीच्या सांगण्यावरून बंदही करू नका. मीठ तोडल्याने हा आजार टळत नाही.

आपल्याकडे पहिलटकरीण सातव्या महिन्यात माहेरी येते आणि फाइल सासरीच राहते. मग नव्या डॉक्टरांना बाराव्या आठवड्यातले बीपी कळणार कसे? निदान सगळ्या कागदांचे फोटो मोबाइलमध्ये ठेवा. सरकारी केंद्रांत दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते, तिथेही ते दाखवा.

धोका कमी निघाला तरी बीपीची तपासणी चालूच राहते. थांबत नसलेली डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा चमक, उजव्या बरगडीखाली दुखणे, चेहरा-हात अचानक सुजणे, धाप लागणे, बाळाची हालचाल कमी होणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, दवाखाना गाठा. बाळंतपणानंतरचे सहा आठवडेही हेच लागू आहे.