पिसदुऱ्याचं शेण आणि भाताचं घराणं



आज सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करतो. काही वर्षांपूर्वी लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये माझ्या मुलीनं विचारलं, "बाबा, डायनासोर गवत खायचे का?" लहानपणी वाचलेल्या पुस्तकाच्या भरवशावर मी ठोकून दिलं, "छे, तेव्हा गवत नव्हतंच. ते खूप नंतर आलं." तिचं समाधान झालं आणि मीही खूश. पुढे कळलं की माझं उत्तर २००५ सालीच शिळं झालं होतं. ते शिळं करणारा पुरावा निघाला होता चंद्रपूर जिल्ह्यात, वरोऱ्याजवळच्या पिसदुरा गावात. आणि माझं आजोळ वरोऱ्याचं!

वरोरा तुम्हाला आनंदवनामुळे माहीत असेल. तिथून जवळच पिसदुऱ्याच्या शिवारात लाल मातीचे थर उघडे पडलेले आहेत. ते साचले ६.५ ते ६.७ कोटी वर्षांपूर्वी, म्हणजे डायनासोरांच्या अगदी शेवटच्या काळात. भारत तेव्हा आशियाला जोडलेला नव्हता. समुद्रातून उत्तरेकडे सरकणारा तो एक भूखंड होता आणि दख्खनच्या लाव्हाचे दिवस जवळ आले होते.

या भागातले जीवाश्म जगापुढे आणण्यात एका मिशनऱ्याचा मोठा वाटा होता. स्टीफन हिस्लॉप १८४५ साली नागपुरात आले. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचं. शाळा चालवता चालवता ते आसपासचे दगड पालथे घालत. लाव्हाच्या थरांमध्ये अडकलेले शंख-शिंपले त्यांनी गोळा केले आणि १८६० साली त्यांतल्या अनेकांचं नवीन प्रजाती म्हणून वर्णन प्रसिद्ध केलं. हे शंख गोड्या पाण्यातले होते. म्हणजे लाव्हाचे दोन लोंढे येण्यामधल्या निवांत काळात इथे तळी होती. एवढ्याशा शंखावरून एका हरवलेल्या तळ्याचा पत्ता लागला. १८६३ साली टाकळघाटची शिलावर्तुळं पाहून परतताना, ओढा ओलांडताना हिस्लॉप बुडाले.

आता, नवीन प्रजातीचं वर्णन म्हणजे नेमकं काय? नुसतं सापडणं पुरत नाही. नमुना जुन्या प्रत्येक नमुन्याशी ताडून बघायचा, वेगळेपण नेमक्या शब्दांत मांडायचं, दुहेरी नाव द्यायचं, प्रसिद्ध करायचं आणि तो नमुना कुणालाही तपासता येईल अशा जागी ठेवायचा. एवढं करूनही ते नाव कायमचं नसतं. १८७९ साली लायडेकर यांनी पिसदुऱ्याच्या शेपटीच्या मणक्यांवरून 'टायटनोसॉरस ब्लॅनफोर्डी' हा डायनासोर मांडला. २००३ साली अभ्यासकांनी ते मणके पुन्हा तपासले आणि निकाल दिला की एवढ्यावरून वेगळी प्रजाती ठरत नाही. सव्वाशे वर्षं चाललेलं नाव संशयास्पद ठरलं. मला यात शास्त्राची फजिती दिसत नाही. पुरावा जपून ठेवला होता, म्हणून तर तो पुन्हा तपासता आला.

पण पिसदुऱ्याची खरी दौलत हाडांत नव्हती, शेणात होती. डायनासोरांच्या विष्ठेचे दगड झालेले गोळे तिथे भरपूर मिळतात. चार्ल्स मॅटली यांनी १९३९ साली त्यांचे प्रकार पाडून वर्णन केलं. आम्हा आयटीवाल्यांकडे सिस्टम बंद पडली की आधी लॉग बघतात. काय झालं असेल यावर मीटिंगमध्ये सगळेच बोलतात, पण खरंच काय झालं ते लॉगमध्ये लिहिलेलं असतं. हे शेण म्हणजे डायनासोरांच्या जेवणाचा लॉग. तो वाचायचा कसा, हाच प्रश्न होता.

उत्तर आपल्या आजीला अर्धं ठाऊक होतं. भाताच्या तुसाच्या राखेनं भांडी लख्ख निघतात, कारण त्या राखेत सिलिका असते. गवताचं पातं बोट कापतं, त्यातही सिलिकेचा हात असतो. गवत जमिनीतून पाण्याबरोबर सिलिका ओढून घेतं आणि पेशींमध्ये तिचे बारीक काचेसारखे कण तयार होतात. त्यांना फायटोलिथ म्हणतात. पान कुजतं, पण हे कण टिकतात. शिवाय गवताच्या वेगवेगळ्या घराण्यांत त्यांचे आकार वेगळे असतात: कुठे डंबेलसारखे, कुठे घोड्याच्या खोगिरासारखे. दगडाचा तुकडा आम्लात विरघळवायचा आणि उरलेला गाळ सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. आजच्या गवताचा एखादा कण त्यात मिसळला तर सगळंच मुसळ केरात, म्हणून अशा कामात स्वच्छतेची काळजी फार.

लखनौच्या बीरबल सहानी संस्थेतल्या वंदना प्रसाद, स्वीडनमध्ये काम करणाऱ्या कॅरोलिन स्ट्रोमबर्ग, पंजाब विद्यापीठातले अशोक सहानी आणि त्यांचे सहकारी यांनी हेच केलं. २००५ साली 'सायन्स' या नियतकालिकात त्यांनी जाहीर केलं की पिसदुऱ्याच्या शेणात किमान पाच प्रकारची गवतं आहेत. तोवर गवताचे खात्रीचे जीवाश्म सुमारे ५.५ कोटी वर्षांपूर्वीचे होते. इथे तर डायनासोर जिवंत असतानाच गवत नुसतं आलेलं नव्हतं, त्याला फाटेही फुटलेले होते. म्हणजे भारत शेजारच्या भूखंडांपासून तुटण्याआधीच गवत या दक्षिणेकडच्या भूमीवर पसरलेलं असणार.

त्याच शेणात ताडकुळातली झाडं, सूचिपर्णी झाडं आणि रुंद पानांच्या वनस्पतींचे कणही मिळाले. समोर येईल ते ओरपणारं हे जनावर बहुधा टायटनोसॉर, लांब मानेचा अजस्र शाकाहारी. पण म्हणून हिरव्यागार कुरणात चरणारे डायनासोर डोळ्यांसमोर आणू नका. गवताचं राज्य असलेली कुरणं फार पुढे आली. पिसदुऱ्याला गवत होतं ते इतर झाडाझुडपांच्या संगतीनं.

२०११ साली याच चमूतल्या शास्त्रज्ञांनी पुढचं पाऊल टाकलं. पिसदुऱ्याच्या काही कणांची ठेवण आजच्या भाताच्या घराण्याशी जुळत होती. त्यांना नावं मिळाली 'चँगी इंडिकम' आणि 'टाटेओकाय डेक्काना'. दुसऱ्या नावात आपलं दख्खन आहे बघा.

इथे एक सावधगिरी. ही बातमी व्हॉट्सॲपवर "डायनासोर वरणभात खायचे, भाताचा शोध आपलाच" अशा थाटात फिरायला वेळ लागत नाही. सापडला तो भात नव्हे, तर भाताच्या घराण्यातलं फार जुनं रानगवत. माणसानं भाताची शेती सुरू केली ती गेल्या दहाएक हजार वर्षांत, आणि तिचे सर्वांत जुने पुरावे चीनच्या यांगत्झे खोऱ्यात मिळतात. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. मुलांना दोन्ही सांगूया.

शेवटी आणखी एक कबुली. सातवी-आठवीत असताना मी आजोळच्या शिवारातून एक गुळगुळीत, वळ्या पडलेला दगड उचलून आणला होता. मामानं तो बरीच वर्षं कागदांवर वजन म्हणून वापरला. तो नुसता दगड होता की आणखी काही, देव जाणे. आता तो कुणाला दाखवूनही फार उपयोग नाही, कारण कोणत्या शेतातून आणि कोणत्या थरातून उचलला हे मलाच आठवत नाही. जीवाश्माची निम्मी माहिती तो पडलेल्या जागेत असते. तो उचलला की ती गेली.

म्हणून पुढच्या सुट्टीत मुलांना घेऊन गावी जाल आणि असं काही दिसलं, तर उचलू नका. जागेवरच फोटो काढा, ठिकाण टिपून ठेवा आणि जवळच्या विद्यापीठाच्या भूगर्भशास्त्र विभागाला कळवा.

आणि हो, मुलीला मी माझं उत्तर दुरुस्त करून सांगितलं. तिनं लगेच विचारलं, "मग त्या पुस्तकात आणखी काय काय चुकलंय?" शोधतोय.

पुन्हा भेटूच. नमस्कार.