महाराणीच्या अंगावरचे दागिने नेमके कुणाचे?

लग्नात सुनेच्या अंगावर घातलेलं सोनं कुणाचं, यावरून आपल्याकडे किती घरं कोर्टाची पायरी चढली असतील ते विचारू नका. सून म्हणते माझं स्त्रीधन, सासू म्हणते घराण्याचं. मंडळी, हाच वाद लंडनच्या राजवाड्यातही झालाय. तोही थेट महाराणी व्हिक्टोरियाच्या दागिन्यांवरून.

१८३७ साली व्हिक्टोरिया गादीवर आली. तोवर इंग्लंड आणि जर्मनीतलं हॅनोव्हर या दोन्ही गाद्यांवर एकच राजा असायचा. पण हॅनोव्हरच्या कायद्यात बाईला गादी नव्हती. त्यामुळे तिथं व्हिक्टोरियाचे काका अर्नेस्ट राजे झाले. त्यांनी लगेच हक्क सांगितला की, आमच्या आईचे, म्हणजे राणी शार्लटचे दागिने हॅनोव्हर घराण्याचे आहेत, ते परत द्या. व्हिक्टोरिया काही बधली नाही. ती ते दागिने घालतच राहिली. वाद वीस वर्षं चालला, त्यात काका वारलेसुद्धा. शेवटी १८५७ मध्ये निकाल हॅनोव्हरच्या बाजूनं लागला आणि जगातल्या सगळ्यात ताकदवान बाईला अंगावरचे दागिने उतरवून द्यावे लागले.

यातून ती एक धडा शिकली. मरताना तिनं आपले काही निवडक दागिने कुणा मुला-मुलीच्या नावे न करता गादीच्या नावे केले. म्हणजे जो राजा होईल त्याच्या राणीनं ते घालायचे आणि पुढच्या राणीसाठी ठेवून जायचे.

आज तिथं साधारण तीन वाटण्या आहेत. पहिली, टॉवर ऑफ लंडनमधले राजमुकुट वगैरे. ते राजाकडे असतात, पण देशाची ठेव म्हणून. राजा ते विकू शकत नाही. दुसरी, असे गादीच्या नावे केलेले दागिने. तिसरी, खासगी मालकीचे. राजाच्या बायकोला पहिल्या दोन प्रकारांतलं जे मिळतं ते फक्त वापरायला. हक्क घालण्याचा, मालकीचा नाही.

त्यातही गंमत बघा. राजाच्या बायकोला राज्याभिषेकात मुकुट मिळतो, पण राणीच्या नवऱ्याला नाही. १९५३ साली एलिझाबेथ यांचा राज्याभिषेक झाला, तेव्हा नवरा फिलिप यांनी गुडघे टेकून तिच्याशी निष्ठेची शपथ घेतली. त्यांना स्वतःला अभिषेक नाही.

आता आपल्या जिव्हाळ्याचा कोहिनूर. १८४९ साली दहा वर्षांच्या दुलीपसिंगाकडून लाहोरच्या तहात तो लिहून घेतला गेला. पुढं १८५२ मध्ये पैलू पाडताना तो १८६ कॅरेटवरून जेमतेम १०५ वर आला. पुरुषाला हा हिरा लाभत नाही अशी समजूत. म्हणून व्हिक्टोरियानंतर तो राजाच्या नाही, तर राजाच्या बायकोच्या मुकुटात बसला. अलेक्झांड्रा १९०२, मेरी १९११, एलिझाबेथ (दिवंगत राणीच्या आई) १९३७. म्हणजे परंपराच पडली म्हणायची. पण ६ मे २०२३ रोजी कॅमिला यांना मुकुट घातला, तेव्हा त्यात कोहिनूर नव्हता. मेरी राणीचाच जुना मुकुट काढला आणि त्यात एलिझाबेथ राणीच्या खासगी संग्रहातले कलिनन हिरे बसवले. हिरा कुणाचा हा प्रश्न जगभर विचारला जातोय, तर तो मिरवायचा कसा? परंपरा दगडावरची रेघ नसते, ती अशी गुपचूप बदलते.

हे झालं इंग्रजांचं. आता आपल्या मराठी गादीकडे, बडोद्याकडे या. खंडेराव गायकवाडांना जवाहिराचा भारी शौक. 'स्टार ऑफ द साऊथ' हा ब्राझीलचा हिरा त्यांनी घेतला, सात पदरी मोत्यांचा हार त्यांच्याच खजिन्यातला, मोत्यांचा गालिचाही त्यांनीच करवून घेतला. १९४३ साली प्रतापसिंहराव गायकवाडांनी सीतादेवींशी दुसरं लग्न केलं. पुढं १९४९ मध्ये संस्थान विलीन झालं आणि त्याच काळात यातलं बरंच जवाहीर सीतादेवींबरोबर युरोपात, मोनॅकोला पोचलं. पुढं काय झालं? त्या हारातल्या मोत्यांचा दोन पदरी हार २००७ मध्ये न्यूयॉर्कला सुमारे ७१ लाख डॉलरला विकला गेला. गालिचा २००९ मध्ये दोह्यात सुमारे ५५ लाख डॉलरला.

दोष एकट्या सीतादेवींना देऊन मोकळं होता येणार नाही. खजिना रयतेच्या सारावसुलीतून भरलेला. पण राजाचं खासगी काय आणि संस्थानचं काय, ही रेघ वेळेवर आणि ठळक ओढली गेली नाही. लंडनमध्ये राणीला दागिने परत द्यावे लागले, कारण हक्क सांगणारा कुणीतरी समोर उभा होता. बडोद्याच्या रयतेच्या वतीनं असं कोण उभं राहिलं?

म्हणून हा विषय राजवाड्यापुरता नाही. आपल्या भागातल्या देवस्थानांचे दागिने, जुन्या संस्थानांच्या वस्तू यांची यादी कुठं आहे, शेवटची मोजदाद कधी झाली, किल्ली कुणाकडे आहे, हे विचारायला काही आपण राजे असावं लागत नाही. घालणारे बदलतात, सांभाळणारेही बदलतात. टिकते ती फक्त लिहून ठेवलेली नोंद.

तुमच्या गावात अशी नोंद आहे का? माहिती असेल तर खाली जरूर लिहा.