नेटवर्क उपकरणांची मालकी आणि जबाबदारी

राउटर, स्विच, फायबरच्या टोकाचा डबा यांसारखी उपकरणे कोणाची, ती चालू कोणी ठेवायची आणि त्यांत बदल करण्याचा अधिकार कोणाला, हे पदनिहाय लिहून ठेवण्याची व्यवस्था. जडवस्तू संग्रह नोंदवहीत वस्तू चढली की मालक ठरला, असे कार्यालयांत मानतात. पण वस्तू हरवली तर जाब कोणाला विचारायचा, एवढेच ती नोंद सांगते. नेटवर्कचे उपकरण सहसा हरवत नाही. जागेवर राहूनच बंद पडते. म्हणून मालकी आणि जबाबदारी वेगवेगळ्या ठरवणे भाग आहे.

नाशिक जिल्ह्यातील ग्रामपंचायतींत हा फरक स्पष्ट दिसतो. केंद्राने २०११ मध्ये मंजूर केलेली फायबर योजना पुढे भारतनेट झाली. निधी केंद्राचा, पहिल्या टप्प्याच्या कामात बीएसएनएल, महाराष्ट्रातील दुसऱ्या टप्प्याची उभारणी राज्य सरकारच्या महाआयटी कंपनीकडे, डबा पंचायतीच्या खोलीत आणि वीज महावितरणची. पेठ-सुरगाणा तालुक्यांतल्या पावसात सेवा थांबली, तर दोष वीज, बॅटरी, केबल किंवा डबा यांपैकी कशातही असेल आणि प्रत्येकाचे दार वेगळे. ग्रामपंचायत अधिकाऱ्यावर (पूर्वीच्या ग्रामसेवकावर) आधीच कामांचा डोंगर आहे, त्यात हे कशाला, हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच त्याच्याकडे दुरुस्ती नको. वीज आहे का, दिवा लागतो का हे पाहून तक्रार नोंदवणे एवढेच असावे. तक्रार बंद झाल्याचे ठरवणारे पद मात्र तालुक्यात किंवा जिल्ह्यात एकच हवे, आणि त्याच्या हाती खर्चाचा अधिकारही हवा. अधिकाराविना जबाबदारी देणे हा अन्यायच आहे.

देखभालीचा करार असताना ही पदनिहाय नोंद कशाला, असेही विचारले जाते. ठेकेदार काम करतो. कोणते काम करायचे हे कार्यालयाने ठरवायचे असते, आणि करार कधीतरी संपतो. काम कोणाचे हे न ठरल्यास काय होते, ते २०१६ मध्ये दिसले: ‘मिराई’ या मालवेअरने जगभरातील कॅमेरे व राउटर ताब्यात घेतले, ते कारखान्यातून आलेले पासवर्ड कोणी बदललेच नव्हते म्हणून. ते बदलणे हे कोणाचेच ठरलेले काम नव्हते. केंद्राच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची असते. कळवणारा कोण, हे शोधण्यातच तो वेळ जाऊ शकतो; काम कोणत्या पदाचे हे आधीच ठरलेले हवे. २०२७ च्या सिंहस्थ कुंभमेळ्यासाठी नाशिक-त्र्यंबकेश्वरात बसवल्या जाणाऱ्या प्रत्येक तात्पुरत्या स्विचच्या नोंदीत म्हणूनच तो उतरवण्याची तारीख आणि उतरवणारे पद बसवण्याच्या दिवशीच लिहिलेले असावे.