तळटीप १४ : ‘रोजा धरला होता’

१४. रोजा : रमजान महिन्यातला उपास. पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत अन्न नाही, पाण्याचा थेंबही नाही. एकादशीच्या साबुदाण्याशी गल्लत नको. लेखकाने नुसते ‘धरला’ म्हटले आहे, पण त्याआधी नियत लागते, म्हणजे मनाचा निश्चय. विसरून घोटभर पाणी प्यायले तर बहुतेक धर्मशास्त्रकारांच्या मते रोजा मोडत नाही. चहाडी केली तर मात्र त्याचे पुण्य जाते. ओसरीत रांजण भरलेला, पाहणारे कोणी नाही आणि तरी हात पुढे होत नाही : कुराणात (२.१८३) रोज्याचा हेतू म्हणून सांगितलेला ‘तकवा’, ईश्वराचे भान राखून केलेला संयम, तो हाच. उताऱ्यातल्या उन्हाळ्याबद्दल : हिजरी वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असल्याने रमजान सगळ्या ऋतूंतून फिरतो, २०१८ साली तो मे-जूनमध्ये आला होता. उताऱ्यातले गाव कुरुंदा (ता. वसमत, जि. हिंगोली, १ मे १९९९ पूर्वी जि. परभणी) सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होते आणि तिथे कारभाराची भाषा उर्दू होती.